नव्या हौदातली पाणबुडी

आमच्या नांदेडच्या घरात पाणी दोन प्रकारचं असायचं, प्यायचं आणि बॅटरीचं. प्यायचं माठात, बॅटरीचं पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. त्या कॅनला हात लावायचा हक्क फक्त अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. पुढच्या खोलीत त्यांचं बॅटऱ्या चार्ज करून देण्याचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही, अशी घराची वाटणी होती. पण आवाजांना ती वाटणी मान्य नव्हती. चार्जरची एकसुरी घूंऽऽ स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि तिच्या खाली, कान दिला तर, ट्रॅक्टरच्या नि जीपच्या बॅटऱ्या बारीक चुरचुरत असायच्या. मंद आचेवर वरण ठेवावं तसा तो आवाज. अण्णा त्याला ‘बॅटरी बोलून राहिली’ असं म्हणत. कुठली भरत आली, कुठलीतलं घर, म्हणजे सेल, मेलंय, हे ते आवाजावरून सांगत आणि मग मीटर लावून खात्री करत. हा क्रम मला आजही बरोबर वाटतो: आधी कान, पण शेवटचा शब्द मीटरचा. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या शर्टांची चाळण झालेली असे. आई ठिगळं लावून दमायची. शेवटी तिनं दुकानाचे शर्ट आणि माणसांत जायचे शर्ट वेगळ्या दोऱ्यांवर वाळत घालायला सुरुवात केली.

शाळेतून आलो की दुधात कुस्करलेली भाकरी खायची आणि दुकानात अण्णांच्या हाताखाली बसायचं. गरम पाण्यात सोडा घालून बॅटरीची टोकं घासायची, कोरडी पुसायची आणि शेवटी अंगठ्यानं त्यांच्यावर पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा. आम्ही लिंगायत, पूजेला बसताना कपाळाला भस्म लागतं तसं बॅटरी दुकानाबाहेर पडताना तिला हे लागायचं. अण्णा म्हणायचेच, “बसू, भस्म लावलास का?” लावलं नसेल तर गिऱ्हाईक थांबवून ठेवत. दुकानाचा एकच कायदा होता: पाणी बॅटरीच्या आत, बाहेर कोरडं.

आणि नेमका हाच कायदा मी मोडायला निघालो. एका मुलांच्या मासिकात पाणबुडीचा उभा छेद दाखवणारं चित्र आलं होतं, ते डोक्यात बसलं. नांदेडला समुद्र नाही, गोदावरी आहे आणि तीही उन्हाळ्यात जेमतेम. पण कपडे धुवायच्या दगडाजवळ आमची एक टाकी होती आणि मला तेवढी पुरेशी होती. सांडपाण्याच्या चार इंची पाइपचा दोन फुटांचा तुकडा हे पाणबुडीचं अंग. टेपरेकॉर्डरची मोटर फोटोच्या रोलच्या डबीत बंद करून मागे लावली आणि बाहेर पंखा फिरवणाऱ्या दांड्याभोवती ग्रीस भरलं. ती डबी कधी गळली नाही. गळायचा तो बॅटरीचा डबा. इमर्जन्सी लाइटमधली सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी मी जेवणाच्या डब्यात ठेवून, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली, मेण ओतून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शिवाय त्या डब्यात बॅटरीपेक्षा हवा जास्त. ती हवा बुडवायला जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं भरावं लागे आणि पाणबुडी उचलताना मनगट दुखे.

मग एकदा मी सरळ आकडेमोड केली. बॅटरीचं वजन पाऊण किलोच्या आसपास, तिचं आकारमान तीनशेतीस घन सेंटिमीटर. म्हणजे ती नुसती पाण्यात सोडली तर स्वतःच्या वजनानं चारशे ग्रॅमचं काम करते. शिसंही नको आणि डबाही नको, उलट तरंगायला थोडं थर्माकोल लावलं की झालं. पाइपला खालून भोकं पाडायची, पाणी खुशाल आत येऊ द्यायचं, मोटर तेवढी डबीत कोरडी आणि बॅटरी पाण्यात उघडी. प्रश्न एवढाच होता की पाणी किती करंट खाईल. बॅटरी काठावर ठेवली, तिच्या दोन तारा टोकांमधल्या अंतराएवढ्याच अंतरानं टाकीत सोडल्या आणि मध्ये अण्णांचा मीटर लावला. काटा हलला की नाही याची शंका यावी इतकाच हलला.

अण्णा हात पुसत मागे आले तेव्हा पाणबुडी टाकीत फिरत होती.

“हे काय करून राहिलास रे? बॅटरी कुठाय?”

“आत आहे. पाण्यात.”

“पाण्यात? शॉर्ट व्हईल ना, गधड्या!”

“न्हाई होत, अण्णा. मोटर एक अँपिअर घेते. पाणी तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढं पण घेईना. तुम्हीच बघा.”

त्यांनी मीटर पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला. मीटरशी भांडायची त्यांना सवय नव्हती. “चालती म्हणून ठेवायची का पाण्यात?” ते म्हणाले. “माणूस बी चिखलातून चालतंय. घर बांधतंय का तिथं?” आणि जाता जाता पुढे जोडलं, “तशीबी ती डबाबंद बॅटरी. जिला पाणी पाजता येत न्हाई ती कसली बॅटरी.” नव्या बंद बॅटऱ्यांवर त्यांचा राग होता. त्यांच्या कॅनमधल्या पाण्याला त्या विचारत नसत, हेच त्याचं कारण असावं.

पाणबुडीचं तत्त्व साधं होतं. तिचं वजन मी असं जुळवलं होतं की स्थिर असताना पाठ तेवढी पाण्यावर दिसावी. पुढचे दोन पंख खाली कललेले. लांब वायरच्या टोकाला बटण; ते दाबलं की मोटर ढकलायची आणि पंखांमुळे ती खाली जायची, सोडलं की वर यायची. चार-पाच ग्रॅमचा फरक पडला तरी तिचं वागणं बदलायचं. म्हणून मी पाठीवर रंगाचा दुसरा हातसुद्धा दिला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात लातूरच्या मामांचं नवं घर पुरं होत आलं होतं. माझ्या दहावीच्या परीक्षा झालेल्या. अकरावी-बारावीला मी लातूरला मामांकडे राहून शिकावं, असं आईच्या मनात होतं आणि माझ्याही. दुकानात बसायला माझी ना नव्हती, पण त्या घूंऽऽ आवाजाच्या आत काय चालतं ते मला आधी नीट शिकायचं होतं. मामा हो म्हणून बसले होते. मामी वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला नांदेडला आल्या तेव्हा आईनं विषय काढला. मामी सरळ बोलणाऱ्या. मी समोर बसलेलो असतानाच म्हणाल्या, “आक्का, लेकरू मला जड न्हाई. भाकरीचं तर बोलूच नका. पर माणूस वाढलं की दोन बादल्या पाणी वाढतंय. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस तोंड दावत न्हाई, अन बादल्या मीच उचलून राहिले. आधी घराचं होऊ द्या, मंग बघू.”

कुणी रागावलं नाही. मलाही त्यांचा हिशेब चुकीचा वाटला नाही. आज लातूरमध्ये घर चालवताना तर तो अचूकच वाटतो. पण दोन बादल्या हा आकडा माझ्या डोक्यात बसला. आंघोळ एका बादलीत करायची, कपडे त्याच पाण्यात, असं मी मनाशी जुळवत राहिलो, आणि दर वेळी हिशेब दीड बादलीच्या खाली यायला तयार होईना.

आम्ही तिघं एसटीनं लातूरला गेलो. आईच्या मांडीवर अर्धापूरच्या केळ्यांचा घड आणि माझ्या मांडीवर धोतरात गुंडाळलेली पाणबुडी. मामांचं तसं सांगणंच होतं, “पाव्हणे येणार हायत, हौदात सोडून दाव.” नव्या घराला चुन्याचा नि रंगाचा वास होता. मागच्या अंगणात हौद: चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, आतून सिमेंट असं घोटलेलं की हात सरकावा. आदल्या दिवशी बोअरचं पाणी सोडून तो काठोकाठ भरला होता. मामींना त्या हौदाचं कौतुक घरापेक्षा जास्त. “बघ बसू, नव्या हौदाच्या पाण्यावर साय धरलीय,” त्या म्हणाल्या. खरोखरच वर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा होता. मग पदरानं हात पुसत आईला म्हणाल्या, “कालपासून याच पाण्यानं भांडी घासून राहिले. हात कसे बघा, कातडं ओढल्यावानी झालंय. दगदग लई झाली.” मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष पाणबुडीकडे होतं.

“आधीच सोडून ठेव पाण्यात,” मामा म्हणाले. “पूजेत राहू दे तिला बी.” सोडली. पाठ बोटभर वर राहिली, अगदी टाकीतल्यासारखी. मग पूजा सांगणारे स्वामी आले, घरात पूजा झाली. ती आमच्या घरच्या पूजांसारखीच सावकाश, मधे दोनदा नारळ शोधावा लागला. त्यानंतर सगळे हौदापाशी आले. मामींनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, काठावर बेलपान ठेवलं, आणि मग मुठीत मीठमोहरी घेऊन माझ्यावरून नि पाणबुडीवरून ओवाळली. दृष्ट काढलेलं मीठ चुलीत टाकायची आमची पद्धत. पण नव्या घरात चूल नव्हती, गॅसच्या शेगडीवर मीठ टाकायला त्या धजेनात. क्षणभर इकडेतिकडे पाहून त्यांनी मूठ हौदातच सोडली.

“चालव आता,” मामा म्हणाले.

मी बटण दाबलं. पाणबुडी निघाली, काठाला समांतर छान फिरली, पण खाली जाईना. उलट पाठ पूर्वीपेक्षा जास्त वर आलेली. मी बटण दाबूनच धरलं. ती बदकासारखी दोन फेऱ्या मारून आली, पापुद्रा कापत.

पहिल्यांदा हसली ती उदगीरची मावशी. आईची थोरली बहीण, बोलण्यात अर्धं कानडी. “अय्यो, ही पाणबुडी हाय का नाव हाय रे?” पाहुण्यांत हसू पसरलं. मलाही ते फारसं लागलं नाही. पण मावशी मग मामींकडे वळली. “तरी म्हणलं, मीठ जाळात टाकतेत बाई, पाण्यात न्हाई. लेकराचं चांगलं चाललेलं बिघडवलीस. नव्या घरातलं पहिलंच काम हुकलं बघ.”

हसू थांबलं. मामींनी हळदकुंकवाचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. चालताना त्यांचा चेहरा मला दिसला. नव्या घरात पहिलंच काम हुकलं, हे वाक्य त्या घरात आता त्यांच्या नावानं राहणार होतं. पुढे पावसात छत गळलं तरी तेच वाक्य निघालं असतं. आणि त्या गोष्टीत माझी पाणबुडी कायमची अडकली असती. तिला कारण झालेला पोरगा वर दोन बादल्या पाणी मागत त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं येणार?

मी पाणबुडी काठाशी ओढली आणि वाकून पाहू लागलो. पंखांच्या फटीतून बुडबुड्यांची बारीक माळ निघत होती. अण्णा माझ्या शेजारी उकिडवे बसले, कान पाइपजवळ नेला आणि म्हणाले, “बसू, ही बोलून राहिली. चार्जिंगला लावल्यावानी.”

ते म्हणताच मला सगळं दिसलं. मोटर बंद असली तरी बॅटरीची टोकं पाण्यात उघडीच होती. पूजा चालली तितका वेळ पाणी तिच्यातून करंट ओढत होतं आणि टोकांवर वायू सुटत होता. पाइपला भोकं सगळी खालून. वायू पाठीखाली अडकून बसला. मी ती एका अंगावर कलती केली तर भसकन मोठा बुडबुडा आला आणि ती लगेच खाली बसली. नांदेडला असं कधी झालं नाही, कारण तिथं पाण्यात सोडली की लगेच पळवायचो, शिवाय ते पाणी इतकं करंट खातच नव्हतं. म्हणजे या पाण्यात काहीतरी होतं. ते मीठ होतं का?

मी हिशेब मोठ्यानं केला, कारण मला तो सगळ्यांना ऐकवायचा होता. “हौदात छत्तीस घनफूट पाणी. घनफुटाला अठ्ठावीस लिटर. म्हणजे हजार लिटर. मूठभर मीठ धरा पन्नास ग्रॅम. मावशी, एका बादलीच्या वाट्याला ग्रॅमभर पण न्हाई येत. मिठानं एवढं होत नसतं.”

“लई हुशार झालास,” मावशी म्हणाली. “मीठ पडलं अन बिघडलं, एवढं दिसलं की आम्हाला.”

“मग दाखवतो.”

अंगणात बोअरच्या नळाचं पाणी होतं. मी एक बादली त्याची भरली आणि एक हौदातली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, “मामी, चिमूटभर मीठ घेऊन बाहेर या. तुम्हीच टाका.” त्या यायला तयार नव्हत्या. आईनं त्यांच्या हाताला धरून आणलं. बोअरच्या बादलीत त्यांनी चिमूट टाकली ती हिशेबापेक्षा थोडी मोठीच होती. मी ती तशीच राहू दिली, चूक माझ्या विरुद्ध बाजूला असलेली बरी. मी बॅटरी पाइपातून काढून त्या बादलीत सोडली. तुरळक बुडबुडे, मोजता यावेत असे. मग हौदाच्या पाण्यात सोडली. टोकावरून सोड्याची बाटली फोडल्यासारखी धार लागली. मावशी कमरेवरचा हात काढून वाकली.

अण्णांनी हौदात दोन बोटं बुडवली, एकमेकांवर चोळली. “गुळगुळीत लागून राहिलं. चुना हाय. सिमेंटातून उतरलाय.”

“म्हणून माझे हात!” मामी एकदम म्हणाल्या. मग त्यांची मान मामांकडे वळली. “गवंडी काय म्हणला होता जी तुम्हाला?”

मामा बेलपानाकडे पाहू लागले. “म्हणला होता... तीनदा भरून सोडून द्या.”

“अन तुम्ही?”

“आता हजार लिटर पाणी कसं सोडून देऊ? तेबी तीनदा? लातुरात?”

स्वामीच आधी हसले, मग सगळेच. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “वहिनी, राहिलेलं मीठ तुझ्या नवऱ्यावरून उतरून टाक. पण जाळात टाक बाई!” मामी हसल्या. मावशीपेक्षा जोरात हसल्या.

“बसू,” अण्णा हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल असं, “भस्म लावलं होतंस का?”

लावलं नव्हतं. उघडी बॅटरी पाण्यात चालते याचा मला इतका आनंद झाला होता की रोज गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्यांना जे करत होतो ते स्वतःच्या बॅटरीला करायचं सुचलंच नाही. धन टोकाची तार एवढ्यात हिरवट पडून निम्मी झाली होती. मी पेट्रोलियम जेली मागितली. मामींनी हाताला लावायला घेतलेली डबी कमरेला खोचलेलीच होती. ती काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी तार तोडून नवी जोडली, टोकांवर अंगठ्यानं जाड थर दिला, कधी नव्हे तो त्या डबाबंद बॅटरीला. मी गॅसवर खिळा तापवून पाइपच्या पाठीला दोन भोकं पाडली, वायूला वाट म्हणून. खऱ्या पाणबुड्यांनाही वर अशी तोंडं असतात, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

त्याच चुन्याच्या पाण्यात ती पुन्हा सोडली. बटण दाबलं. नाक खाली गेलं, पंख बुडाले, पाठ दिसेनाशी झाली. गढूळ पाण्यात नुसती वायर सरकताना दिसत होती, आणि सगळे त्या वायरकडे पाहत होते. मामी पलीकडच्या काठाला होत्या. मी बटण सोडलं आणि ती त्यांच्या समोर, हळदकुंकवाचे ठिपके अंगावर घेऊन वर आली.

“आली की गं बाई,” मामी म्हणाल्या.

जेवायला हुग्गी होती, आमच्याकडची गव्हाची खीर, वर तुपाची धार. मामी वाढायला आल्या आणि माझ्या ताटात दोनदा वाढून गेल्या, पण लातूरला राहण्याविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हौद रिकामा करायला काढला, चेहरा पडलेला. मी आणि अण्णा बादल्यांनी उपसत होतो, मामी त्या पाण्यानं पुढचं अंगण, ओटा, रस्त्याकडची भिंत धुवून घेत होत्या, थेंब वाया जाऊ नये म्हणून. तळ दिसल्यावर त्या कमरेवर हात ठेवून आत वाकल्या. “हजार लिटर म्हणलास न्हवं?”

“हो. थोडं जास्तच.”

“म्हणजे बादल्या किती?”

“पंधरा लिटरची बादली धरली तर साठ-पासष्ट.”

“मंग एवढ्यात दोन कुठं बी बसतील,” असं म्हणून त्या खराटा आणायला गेल्या. आई भांडी विसळता विसळता थांबली होती.

आता मी बॅटऱ्यांना हात लावतो तो फक्त घरच्या इन्व्हर्टरच्या. त्यांना जेली लावल्याशिवाय झाकण बसवत नाही. पाण्यातले क्षार मोजायचं एक पेनाएवढं यंत्र माझ्या खिशात असतं. लग्नाकार्यात मी पेल्यात ते बुडवलं की बायको दुसरीकडे बघते. अण्णा पुढे बंद बॅटऱ्याही विकू लागले, बडबडत का होईना.

त्याच वर्षी जूनमध्ये मी पत्र्याची पेटी घेऊन लातूरला आलो तेव्हा न्हाणीत दोन बादल्या होत्या. एक घरातली जुनी, दुसरी स्टीलची कोरी करकरीत. नवी भांडी आणली की त्यांच्यावर घरच्यांची नावं घालून घेतात, तशी बाजारातल्या नाव घालणाऱ्याकडून मामींनी त्या बादलीवर टिंबाटिंबांची अक्षरं कोरून घेतली होती: चि. बसवराज. आडनाव नव्हतं, गावही नव्हतं. घरातल्या बाकीच्या भांड्यांवरही नुसती नावंच होती. मी ती उचलली आणि हौदावर भरायला गेलो.